काचेपलीकडचं धुकं

मामांचा उजवा डोळा ऑपरेशनात गेला होता आणि डाव्यावर पडदा येत होता. उजव्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. डाव्याचं फक्त बायकोला.

मामा वीजकेंद्रात कामाला. उन्हाळ्यात टर्बाइनला धाप लागते. हवा तापली की विरळ होते, मग मशीनने कितीही ओढली तरी पोट भरत नाही. म्हणून हवा आत शिरते त्या बोगद्यात पाण्याचं धुकं सोडतात; हवा गारावते, मशीन पुन्हा जोर धरतं. धुकं सोडणारे नोझल धुवायचे, परत बसवायचे आणि काचेतून बॅटरी मारून बघायचं, हे मामांचं काम. प्रत्येक नोझलच्या तोंडाशी एक बारकी वाकडी पिन. तिच्यावर आपटून पाण्याचं धुकं होतं. पिन हलली की थेंब पडतात, आणि गरगरणाऱ्या पात्यांना थेंब म्हणजे गाराच.

मामा आता पिना अंगठ्याने चाचपत.

"अहो, काल दूधवाल्याला जावईबापू म्हणून खुर्ची दिलीत," बायको म्हणाली. "उद्या जावयासमोर पातेलं धराल."

"दोघंही उशिराच येतात. माणूस फसतो."

"हसण्यावारी नेऊ नका. साहेबांना सांगा."

"सांगतो की. मग बसवतील गेटवर, आल्यागेल्याला सलाम ठोकायला."

"गेटवर काय आंधळा ठेवतात?"

मामांनी चाचपून डबा उचलला आणि ते कामाला निघाले.

पुढे तपासणीत पात्यांच्या कडा कुरतडलेल्या निघाल्या. ठपका आला कंट्रोल रूममधल्या जावयावर: हवा दमट असताना फवारा चालू ठेवला, दमट हवेत धुकं विरत नाही, त्याचे थेंब होतात, म्हणून. मुलगी माहेरी येऊन बसली.

"बाबा, हे जेवत नाहीत धड. म्हणतात, सगळं नियमानं चालवलं, मग चुकलं कुठं? पुन्हा असं झालं तर काढूनच टाकतील."

मामांचा घास तोंडातच राहिला. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती भांडी आवरायला उठली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, फवारा सुरू झाला. मामा काचेशी उभे. वॉकीटॉकीवर जावई बोलला, "मामा, एखादा नोझल गळतोय का? नीट बघा. माझं सगळं तुमच्यावर आहे."

मामांनी बॅटरी मारली. पांढरं. पूर्वी थेंब असा लख्ख चमकायचा. उन्हाळाभर ते या पांढऱ्याकडे बघून 'ठीक आहे' म्हणत आले होते. आत्ताही शब्द जिभेवर तयारच होता.

"जावईबापू, बंद करा."

"थेंब दिसले?"

"काहीच दिसत नाही. कधीपासूनच दिसत नाही मला."

वॉकीटॉकी साहेबांच्या टेबलावरही चालू होता. पंप थांबला. मेकॅनिक आत शिरला, तर खालच्या रांगेत एक पिन साफ आडवी झालेली, आणि तिच्याखाली पाण्याचं डबकं.

जावई धावतच वर आला.

"मला एकट्याला सांगायचं होतंत, मामा. मी सांभाळून घेतलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"साहेबांनी बोलावलंय तुम्हाला." तो दम खात थांबला. "मी घरी तोंड लपवत फिरत होतो, आणि तुम्ही कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून जेवत होतात."

"होतो," मामा म्हणाले.

जावयाने त्यांच्या हातातली बॅटरी काढून घेतली. लोखंडी जिना उतरताना त्याने मामांचा दंड धरला, फार घट्ट धरला. मामांना दुखत होतं. दंड न सोडवता ते एकेक पायरी चाचपत उतरत राहिले.