अरबी समुद्रातली सही

म्हात्रे सर फळ्यावरच्या चित्राखालीसुद्धा सही करायचे. खडूने साधं वांगं काढलं, तरी कोपऱ्यात ‘पां. ग. म्हात्रे’, त्याखाली एक रेघ आणि रेघेच्या टोकाला मांजराच्या शेपटीसारखं वळण. त्यांच्यानंतरचा तास माझा, भूगोलाचा. मी डस्टर हातात घेतलं की दारातून हमखास आवाज यायचा, “बाई, सही शेवटी पुसा!”

मी रोह्याहून पेणच्या शाळेत जायची-यायची. डबा खायला आमच्या कोंडाळ्यात सर असायचे. त्यांच्या घरच्या लोणच्याच्या बरणीवर कैरीचं झोकदार चित्र डकवलेलं, आणि अर्थातच सही. मी एकदा म्हटलं, “सर, लोणचं वहिनींनी घातलं, त्यावर तुमची सही कशी?”

“आतलं तिचं, वरचं माझं,” ते म्हणाले. “सही नाही ते चित्र नाही बाई. ती नुसती रंगरंगोटी.”

रंगरंगोटी हा शब्द ते जरा जोर देऊन उच्चारायचे. त्यामागे पेणजवळचं त्यांचं गाव, हमरापूर होतं. सरांचं घर मूर्तिकारांचं. वडील गणपत, सगळ्यांचे आबा, गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणत. धाकटा भाऊ बबन आजही तिथला मूर्तींचा कारखाना चालवतो. थोरल्या पांडुरंगाने मात्र मुंबई गाठली, चित्रकला शिकला आणि पेणला मास्तर झाला. “देवाचे डोले सोडून झाडं कसली रंगवतंस?” असं आबा म्हणाले होते. ते वाक्य सरांना वर्षानुवर्षं बोचत राहिलं. ते म्हणत, “आबांच्या हातून इतक्या मूर्ती गेल्या बाई, एकीवर तरी नाव होतं? सगळ्या पाण्यात. आबाही पाण्यात गेल्यासारखेच की.” असं आपलं होऊ नये, एवढीच या माणसाची धास्ती होती. आम्ही त्यांच्या सहीला हसायचो, पण ती धास्ती मला कळायची.

शाळेच्या व्हरांड्यात रायगड जिल्ह्याचा भला मोठा नकाशा त्यांनीच रंगवला. मी रोज पहारा करायची, कारण किनाऱ्याची रेघ जरा हलली तरी मी मुलांचे गुण कापते, तिथे सरांना काय सोडणार? सही त्यांना नेहमीप्रमाणे उजवीकडे हवी होती. मी म्हटलं, तिकडे पुणे जिल्हा आहे, मुलांना तालुका वाटेल. मग ते डावीकडे वळले आणि खाली अरबी समुद्रात सही ठोकून मोकळे झाले.

“आता बेट वाटेल,” मी म्हटलं.

“वाटू दे. एवढ्या मोठ्या समुद्राला एक बेट जड नाही.”

ते निवृत्त झाल्यावर मुंबईच्या एका विद्यापीठाच्या कलादालनातून त्यांना फोन आला. पेण आणि रोहा भागातली माणसं, त्यांची कला, त्यांची ओळख, असं प्रदर्शन भरवायचं होतं. सरांनी घराच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या. कुंडलिकेचं पात्र, मिठागरं, जिते स्टेशन. मलाही बोलावलं, “बाई, तुम्ही चार शब्द बरे बोलता.” चित्रं पाहायला आलेल्या दालनाच्या मॅडम तरुण होत्या, वागायला चांगल्या. सगळी चित्रं त्यांनी सावकाश पाहिली, छान आहेत म्हणाल्या, आणि मग विचारलं, “सर, तुमचं घराणं मूर्तिकारांचं ना? तुम्ही दालनात बसून सगळ्यांसमोर मूर्तीचे डोळे आखाल का?”

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनींनी आणलेला चहा त्यांनी हातातच धरून ठेवला. मॅडम गेल्यावर म्हणाले, “म्हंजे प्रदर्शनात मीच मांडायचा काय? मंग तिकीट बी लावा!” घरची बोली त्यांच्या तोंडी यायची ती अशी दुखावल्यावरच. मला त्या क्षणी मॅडमचा राग आला आणि सरांची फार दया आली.

नकारच जायचा होता. पण बबनभाऊ आले आणि त्यांनी एकच विचारलं, “दादा, तिथं आबांचं नाव लिवतील काय?”

सर तयार झाले. अट घातली, पाटीवर आबांचं नाव हवं आणि आपलं एक चित्र लावायचं. मॅडमनी दोन्ही आनंदाने मान्य केलं.

टेम्पोत भावांच्या मध्ये शाडूची मूर्ती, मागे मी आणि वहिनी. दालन थंडगार आणि पांढरंशुभ्र. मधोमध चटईवर सर मांडी घालून बसले. कित्येक वर्षांत त्यांनी मूर्तीला ब्रश लावला नव्हता. ब्रश मूर्तीच्या डोळ्याशी नेऊन ते थबकले. बबनभाऊ मागून हळूच म्हणाले, “दम धर दादा. आबा श्वास रोखून धरायचं.” सरांनी श्वास धरला. एक डोळा उतरला, मग दुसरा, आणि त्या मातीला एकदम समज आली. कुणीतरी नकळत हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सरांना आपण इतकी वर्षं चिडवत आलो त्यात हा हात कधी पाहिलाच नव्हता, हे जाणवलं.

“सर, खाली सही करा ना,” मॅडम म्हणाल्या.

मी वहिनींकडे पाहिलं. लोणच्याला न सोडणारा हा माणूस! सरांनी ब्रश बुडवला, मूर्तीच्या पाटाजवळ नेला, आणि तसाच मागे घेतला.

“नाय,” ते म्हणाले. “हिच्यावर नाव घालीत नाय. ज्याच्या घरात जाईल त्याची ही.” मग माझ्याकडे वळून जरा लाजल्यासारखे हसले. “आबांनी का नाही घातलं, ते आज कळलं बाई.”

त्यांचं जिते स्टेशनचं चित्र दाराशी टांगलं होतं. तिथे फारसं कुणी थांबत नव्हतं. थांबले होते ते बबनभाऊ. भावाचं चित्र त्यांनी असं निवांत कधी पाहिलंच नव्हतं. बराच वेळ पाहून त्यांनी सहीवर बोट नेलं, काचेला न लावता.

“दादा, ह्यो ‘ग’ म्हंजे आबाच ना?”

सरांनी मान हलवली.

“मंग तू आबांना कंदी सोडलंसच नाय रं,” बबनभाऊ म्हणाले, आणि दोघे भाऊ त्या गार दालनात लहान मुलांसारखे रडले. वहिनींनी पदर पुढे केला, तो दोघांनाही पुरला नाही.

यंदा गणपतीच्या आधी सर गेले. शेवटची दोन-तीन वर्षं ते मोसमात हमरापूरला जाऊन बसत, बबनभाऊंच्या शेजारी, डोळे आखत. तिथे एकाही मूर्तीवर त्यांनी सही केली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा रंगवायला काढली. नकाशाही पुसणार होते, त्याजागी छापील फलक लावायचा होता. मी मुख्याध्यापकांशी कडाक्याचं भांडले आणि नकाशा वाचवला.

परवा पाचवीचा वर्ग नकाशापुढे उभा केला होता. एक मुलगी मला म्हणाली, “बाई, खांदेरी सापडलं, उंदेरी सापडलं, जंजिरा पण सापडला. पण हे खाली पां. ग. म्हात्रे कुठलं बेट?”

किनाऱ्याच्या रेघेसाठी गुण कापणारी मी. खरं सांगायला तोंड उघडलं.

“आहे एक बेट,” मी म्हटलं.

“तिथं कोन राहातं?”

“बाप-लेक राहतात,” मी म्हणाले. “वहीत नकाशा काढाल तेव्हा तेही दाखवा. नाही दाखवलं, तर गुण कापीन.”