मेण काढायचं ते सावलीत

गाडीवरचं जुनं मेण उन्हात काढू नये, हे मला अकोल्याच्या उन्हानेच शिकवलं. पत्रा तापलेला असला की लावलेलं पाणी पुसायच्या आधी वाळतं आणि डागावर डाग उमटतो. म्हणून ऑफिसातून आले की गाडी भिंतीच्या सावलीत लावायची, चहा प्यायचा आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत पायरीवर बसून राहायचं. माझ्या बऱ्याच संध्याकाळी अशा गेल्या.

मी अकोल्याला सरकारी नोकरीत आहे आणि एकटी राहते. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल एवढंच पुरे. बाबा अमरावतीला, तेही एकटे. आई गेल्यापासून दर शनिवारी मी मूर्तिजापूरवरून त्यांच्याकडे जाते आणि रविवारी जेवून परत निघते.

बाबांनी जन्मभर खात्याची जीप चालवली. घरची म्हणावी अशी पहिली गाडी आली ती माझी, तीही जुनी घेतलेली, गडद निळी. आई गेल्यानंतर त्यांनी कुठूनशी मेणाची डबी आणली आणि दर रविवारी सकाळी गाडीला मेण लावायला सुरुवात केली. भर उन्हात, अंगणात.

"मेन लावलं का रंग टिकते," एवढंच म्हणत.

मेण लावणं सोपं असतं. ते वेळेत पुसून चमक आणणं हे खांद्याचं काम, आणि बाबांचा उजवा खांदा आता वर जात नाही. त्यामुळे लावलेलं अर्धं तिथेच वाळायचं, त्यावर पुढच्या रविवारी नवा थर. बघणाऱ्याला वाटावं, बॉनेटवर कुणी दही सांडलंय. ऑफिसात लोक विचारायचे, मी हसण्यावारी न्यायची आणि मनातून चिडायची.

पण बाबांना नको म्हणणं जमलं नाही. रविवारी मी उठायच्या आधी ते डबी आणि फडकं घेऊन अंगणात हजर असत. तेवढं काढून घेतलं तर त्यांच्याकडे खुर्ची आणि समोर आईचा फोटो, दुसरं काही उरत नव्हतं. मग ठरवलं, आपण अकोल्यात मुकाट्याने मेण काढायचं. पुढच्या रविवारी त्यांना लावायला स्वच्छ रंग मिळेल.

पहिल्यांदा मी शहाणपणा करून थिनर वापरलं. मेण गेलंच, पण दारावरची चमकही गेली. रुपयाएवढा मळकट डाग तिथे आजही आहे. मग रीतसर शिकले. आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवायची. आमच्या काळ्या मातीची धूळ फडक्याखाली राहिली तर ओरखडे काढते. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण. तरी जे सुटत नाही त्यावर पाणी मिसळलेल्या स्पिरिटचं मऊ फडकं, आधी कोपऱ्यात करून पाहून. घासायचं नाही. फडकं दाबून धरायचं, मेण मऊ पडलं की हलक्या हाताने टिपायचं आणि फडक्याची घडी बदलायची. घाई केली की पस्तावायची पाळी.

अकोल्यात नळ काही रोज येत नाही, म्हणून पाणी अर्धी बादलीच. तेवढ्यावरही खालच्या घरमालकीण काकू ओट्यावरून विचारायच्या, "अर्धीच घेतली ना वं?" संध्याकाळी माझ्याशी बोलणारं माणूस तेवढं एकच.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी बाबा खांदा चोळत चोळत मेण लावत होते. मला राहवलं नाही.

"राहू द्या ना बाबा. खांदा दुखून राहिला तुमचा."

"खांद्याचं नको सांगू. तुले काढा लागते, म्हणून म्हनतेस ना?"

मी दारावरच्या डागाकडे बघितलं.

"मले काय समजत नाही? दाराले थिनर लावलंस तवाच समजलं. आता चांगलं काढतेस."

"मंग लावता काहून?"

त्यांचा हात बॉनेटवर गोल गोल फिरतच होता. "हाफिसातून आल्यावर तिथं तुले काय काम राह्यते? भिताडाकडं पाहात बसशील एकटी. हाताले काम असलं म्हंजे बरं राह्यते, माय."

मी आत जाऊन उगाच भांडी आवरली. इतके दिवस मला वाटत होतं, त्यांचा वेळ जावा म्हणून मी राबतेय. राग आला, हसू आलं, आणि मग रडू आलं.

एकदा बोलून गेल्यावर मात्र दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी डबी फळीवरून खाली आलीच नाही. बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत राहिले, मी भाकरी केल्या, जेवलो, निघाले. बडनेरा मागे टाकताना बॉनेट आरशासारखं चमकत होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी सवयीने बादली भरली आणि फडकं घेऊन गाडीजवळ उभी राहिले. काढायला काही नव्हतं. पुसल्यासारखं केलं आणि ते पाणी काकूंच्या मोगऱ्याला घालून वर आले. खोलीत फ्रिजचा आवाज तेवढा येत होता. बाबांनी सांगितलेली भिंत समोर होती, मी तिच्याकडे बघत बसले.

पुढच्या रविवारी बाबा उठायच्या आधी मी फळीवरची डबी काढली, फडकं झटकलं आणि दोन्ही त्यांच्या खुर्चीवर ठेवली. ते आले, डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"जाडं लावा बाबा," मी म्हटलं. "काकू हप्ताभर पातूरले चालल्या."