चूलबंद आवतण

रंजीता, तू समोर बसून ऐकत नाहीस म्हणून लिहिते आहे. बसलीस तरी तुझा पाय हलत असतो आणि माझा चहा सांडतो. लोक मला विचारतात, बाई, तुमच्या वरच्या खोलीतली पोरगी करते तरी काय? तेच तेच सांगून मी कंटाळले. आता एकदाच सगळ्यांना सांगते; तू मध्ये बोलू नकोस.

तर रंजीता चामोर्शीकडच्या धानाच्या गावची, मुखरू आणि रंभाची थोरली. चंद्रपुरात ज्या संस्थेत ती नोकरीला लागली, तिथं जंगलातल्या कॅमेऱ्यांचे लाखो फोटो येतात. कशात वाघ आहे आणि कशात नुसतं हललेलं गवत, हे निवडायला एका थंड खोलीत सोळा संगणक एकमेकांना जोडून ठेवलेत. त्या सगळ्यांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम तिनं लिहायला घेतला. नाव ठेवलं 'राखण'.

ह्या राखणीला बटणं-बिटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा आणि त्याच्यामागे पर्याय जोडायचे: कोणता संगणक बघू, किती वेळानं बघू, अडकला असेल तर बंद करून पुन्हा चालू करू का. माणसानं एखादा पर्याय दिलाच नाही तर काय समजायचं, हेही लिहिणाऱ्यानंच ठरवायचं. रंजीतानं चटकन ठरवून टाकलं: संगणकाचं नाव दिलं नाही म्हणजे सगळे. तिला त्यात वावगं काही वाटलंच नाही. तिच्या गावात लग्नाचं आवतण घेऊन आलेला माणूस दारातूनच 'चूलबंद' म्हणतो आणि पुढच्या घरी जातो. नाव कोणाचंच घेत नाही. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून रांगत्या पोरापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. नावं घेतली की भांडणं.

नुसतं बघण्यापुरतं हे ठीक चाललं. मग एके दिवशी सातव्या संगणकानं मान टाकली. रंजीता घाईत. ती कधी नसते? पुन्हा चालू करायचा हुकूम तिनं दिला आणि सातव्याचं नाव टाकायचं राहून गेलं. सोळाही संगणक एका दमात बंद झाले. तिच्यासोबत काम करणाऱ्या चिमूरच्या निकेशचं फोटो निवडायचं काम कित्येक दिवस त्यांच्यावर चाललं होतं. मधलं काहीच जपून ठेवलेलं नव्हतं. सगळं गेलं. निकेश तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"काय केलं तू?"

"मी एकालेच उठवत होती."

"एकालेच? सोळाच्या सोळा आंघोळ करून आले! नाव काऊन नाई टाकलं?"

"राहून गेलं. नाव नाई म्हणजे सगळे, असंच ठेवलं होतं मी."

"तू काय त्याइले जेवाले बोलावून राह्यली का?"

साहेबांनी आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट. म्हणाले, दुरुस्त कर. निकेशनं स्वतःच्या हातानं वापरली तर तुझी राखण ठेवू. नाहीतर ती बंद, आणि तुझी नोकरी त्या राखणीपुरतीच होती, हे तुला माहीत आहे.

मग आठवडाभर माझ्या जिन्याला विसावा नाही. वर, खाली, पुन्हा वर. ताटातला भात तसाच. शेवटी राखणीला नवे नियम घातले: बघायचं असेल तर नाव नसलं तरी चालेल, सगळे बघ. पण उठवायचं असेल आणि नाव नसेल तर कशालाही हात लावायचा नाही, विचारायचं. सगळेच हवे असतील तर 'सगळे' असं स्पष्ट लिहायला लावायचं. शिवाय आणखी एक पर्याय: करू नको, काय करशील तेवढं सांग.

निकेश बसला. ती त्याच्या खुर्चीमागे उभी, पाय हलतोय. त्यानं मुद्दाम नाव टाकलं नाही. पडद्यावर उमटलं: 'कोणाले?'

त्यानं सातव्याचं नाव टाकलं. सातवाच उठला.

"चालते," तो म्हणाला. हसला नाही. आपलं काम त्यानं पहिल्या फोटोपासून पुन्हा लावलं.

राखण राहिली, नोकरीही. पण तो प्रश्न हिच्या अंगात शिरला. माझ्या मयुरीचं लग्न ठरलं, तेव्हा मी हळदीच्या अक्षतांची पुडी हिच्या हातात दिली. म्हटलं, गावी जा, तुझ्या घरी चूलबंद सांग आणि ये.

"कोणाकोणाले, बाई?"

"अगं, चूलबंद!"

"मंग माहा भाऊ आदेश आता वेगळा राह्यते, त्याले धराचं का? काकाची चूल मोजाची का नाई?"

"तुझ्या गावची रीत, आणि मला विचारतेस?"

"नाई, पण नावं सांगा ना. मी काय सांगू तिथी?"

मी चिडले. तू जिना चढून गेलीस. चामोर्शीची बस रोज सुटत होती, तू एकदाही चढली नाहीस. मयुरी नांदायला गेलीसुद्धा, आणि पुडी अजून तुझ्या खिडकीत आहे. लग्नाच्या दिवशी तुझ्या घरी चूल पेटली, रंजीता.