शत्रूवर प्रेम करा, म्हणजे पेद्रूने नेमकं काय करावं?

चार म्हातारे जमले की किस्से निघतात आणि माझ्याकडचे सगळे बायबलच्या वर्गातले निघतात. त्यातले किती जसेच्या तसे आणि किती सांगून सांगून गुळगुळीत झालेले, हे आता मलाच सांगता येत नाही. एम.ए., बी.टी. झालो, थोडं लॅटिनही शिकलो, तरी साध्या प्रश्नाला ठाम उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

साठ सालच्या आसपास मी मालवणला हायस्कुलात मास्तर होतो. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या ओसरीवर बायबल समजावून सांगायचं काम फादरनी माझ्या गळ्यात घातलं होतं. त्याच वर्षी फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाचा, मान पेद्रूच्या घरी आला. मान वाडीतल्या घरांत पाळीने फिरायचा. पेद्रू साठीचा, पुन्हा पाळी यायला तो उरणार नव्हता. पण फादर म्हणाले, "आधी जाकीशी समेट, मग मान. ग्रंथात तसंच आहे."

शेजारच्या जाकीशी त्याचं बांधावरच्या फणसावरून पंधरा वर्षांचं वैर. तेव्हा शत्रूशी कसं वागायचं ते शोधायला पेद्रू वर्गाला येऊ लागला. तो काय शोधतोय ते बघायला जाकीही येऊ लागला. एक पुढच्या बाकावर, एक मागच्या.

*

पहिल्याच रविवारी मी शत्रूवर प्रेम करण्याचा उतारा वाचला. पेद्रू उठला. "मास्तर, हय प्रेम करा म्हणता, आणि थंय स्तोत्रात राजा देवाक सांगता, वैऱ्याचे दात फोड. ह्यातला खरा खयचा?"

मी म्हणालो, दोन्ही. मग म्हणालो, संदर्भ बघावा लागेल. मग पाणी प्यायलो.

मागून जाकी शांतपणे म्हणाला, "दातांचा सोडा, मास्तर. माज्या तोंडात फोडूक रवलेत खंय?"

*

जुन्या करारात आहे, शत्रूचा चुकलेला बैल दिसला तर त्याच्याकडे नेऊन पोचवावा. हे पेद्रूला फार आवडलं. जाकीशी बोलावं लागत नाही, बैलाशी भागतं!

आठवडाभर त्याने वाट बघितली. शनिवारी तो जाकीचा बैल घेऊन जाकीच्या दारात उभा. जाकी म्हणाला, "ह्यो तर खुंट्याक बांधलेलो होतो."

"सुटतच नाय, तर परत हाडूचो कसो?" पेद्रू म्हणाला. "म्हणान मीच सोडलंय."

*

मग पौलाच्या पत्रातला उतारा आला. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे रचशील. प्रेम आणि निखारे एकाच वाक्यात कसे, यावर मी दोन रात्री झोपलो नव्हतो. पेद्रूला काहीच अडचण वाटली नाही. उलट इतकं सोयीचं वचन आधी का सांगितलं नाही, म्हणून तो माझ्यावर रागावला.

रोज बांगड्याची आमटी जाकीच्या घरी जाऊ लागली. पहिले दोन दिवस ती मांजराने खाल्ली. मांजर ठणठणीत राहिलं, तेव्हा तिसऱ्या दिवसापासून जाकीने खाल्ली.

पंधरवड्याने मी त्याच्या घरी गेलो, तर पेद्रू मला विचारतो, "निखारे कधी पडतले?"

त्याची बायको रोझा आतून म्हणाली, "पडूक रवलेत खंय? माज्या चुलीतले सगळे संपले."

*

शेवटी मी भीतभीत सुचवलं, शत्रूसाठी प्रार्थना कर. ती घरात, मनातल्या मनात करायची, हे सांगायचं राहिलं. चूक माझीच.

त्या संध्याकाळी खुरसापुढे, वाडीतल्या क्रुसापुढे, सगळी वाडी प्रार्थनेला जमली होती. पेद्रू मोठ्याने म्हणाला, "माजो दुश्मन जाकी, त्येका देवान सुखी ठेवचा!" सगळे म्हणाले, आमेन.

जाकी लालबुंद. "सगळ्या वाडीत माजा नाव दुश्मन म्हणान घेतलंस?"

"तुजा नाय तर कोणाचा घेव? माका दुसरो आसा खंय?"

*

फेस्ताच्या सकाळी चर्चच्या दारात ही गर्दी. मानाचा लाल झगा पेद्रूच्या खांद्यावर घातलेला, पण फादरनी झग्याची नाडी न बांधता हातात धरून ठेवलेली. त्यांनी जाकीला पुढे बोलावलं. "खरं सांग. पेद्रू तुझा शत्रू आहे का?"

जाकीने पेद्रूकडे बघितलं, झग्याकडे बघितलं. म्हणाला, "नाय, फादर. ह्यो माजो दुश्मन कधीच नव्हतो."

आता पेद्रूने फक्त गप्प राहायचं होतं. मी त्याला खुणावलंसुद्धा.

पेद्रूने झगा काढून फादरच्या हातात दिला. "नव्हतो? पंदरा वर्सां मी कोणाबरोबर भांडलंय मगे? मी तुजो कोणच नाय?"

बँडवाले थांबले. फादरनी माझ्याकडे बघितलं. मी पानं उलटू लागलो.

जाकीने फादरच्या हातातून झगा घेतला, पेद्रूच्या खांद्यावर घातला आणि गाठ मारता मारता म्हणाला, "आसस रे, आसस. दुश्मनच आसस. फेस्त होवंदे."

पेद्रूच्या जिवात जीव आला. तो ताठ मानेने आत गेला.