नऊ ॲडमिनची वेबसाइट

ते प्रकरण आजही डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, कापसाच्या गंजीत लपवलेला मुद्देमाल स्वतःच्या हाताने उपसून काढला. ते सगळं आता पुसट होत चाललंय. पण एका वेबसाइटवर कुणीतरी दोन शब्द बदलले होते, एवढ्याशा प्रकरणाची आठवण मात्र निवृत्तीनंतरही ताजी आहे. त्यातलं मला आधी ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनही असेल. जे कळत नाही त्याच्या मागे लागायची खोड मला पहिल्यापासून आहे, आणि वरिष्ठांनी त्यासाठी मला पुष्कळदा ऐकवलंही आहे.

बीड जिल्ह्यात केजच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी घेऊन खुर्चीत बसतोय तोच बाहेर तीन-चार गाड्या थांबल्या. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "सर, तात्या आलेत." खरं नाव लिहीत नाही. जिल्ह्यात तात्या ढीगभर आहेत, तेव्हा कुणी अंगावर ओढून घेऊ नये. हे तात्या तेलगावकडचे मोठे बागायतदार, राजकारणात वजन असलेले आणि एका वधू-वर मंडळाचे उपाध्यक्ष. मंडळाची स्वतःची वेबसाइट होती. तिच्यावर लग्नाच्या मुलामुलींची माहिती असायची आणि प्रत्येकाच्या नावाखाली एक रंगीत पट्टी असायची. पट्टीवर एकतर 'स्थळ पाहणे सुरू' किंवा 'लग्न ठरले'.

तात्यांच्या मुलीच्या नावाखाली कुणीतरी 'लग्न ठरले' करून टाकलं होतं, आणि लग्न तर ठरलेलं नव्हतं.

"साहेब, परळीकडचे पाहुणे यायचे होते," तात्या म्हणाले. "त्यांचा फोन आला, ठरलंय तर आमाला कावून बोलावता? आता जो तो इचारतोय, तात्या, गुपचूप कुठं दिली लेक? तोंड दाखवायला जागा न्हाई. हे त्या वेबसाइटवाल्यानंच केलंय. दुसऱ्या कुणाला येतंय ते? त्याला आत टाका."

मी ते पान बघायला मागितलं. तात्यांनी खिशातून मोबाइल काढला, हात लांब करून थोडा वेळ न्याहाळला आणि अंमलदाराकडे सरकवला. "हे जरा काढून दे. घरी लेक काढून देते." अंमलदाराने पान काढून दिलं, मी पाहिलं आणि अर्ज ठेवून घेतला.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, त्यामुळे प्रकरण फौजदाराकडे ढकलायची सोय नव्हती. लगेच गुन्हा दाखल न करता मी ते अर्ज चौकशीवर ठेवलं. तात्यांना ते आवडलं नाही. "चौकशी कशाला? नाव तर सांगितलं की," असं म्हणून ते गेले.

दुपारी मंडळाचाच एक सदस्य मागच्या बाजूने आला. "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. पण त्या वेबसाइटवाल्या पोराचं आन तात्याचं बैठकीत लई वाजलं होतं. पोरगं सगळ्यांसमोर म्हणलं, 'ह्याचा पस्तावा तुमाला हुईल.' म्या सोता ऐकलंय."

खबर पक्की होती. राग होता, धमकी होती आणि काम करण्याची अक्कलही त्याच्याकडेच होती. त्याला संध्याकाळपर्यंत आणून बसवावं, असे फोनही मला येऊ लागले. पण एक गोष्ट मला खटकत होती. सूड घ्यायचा तर माणूस शिवी लिहील, फोटो बदलेल, काहीतरी घाण करेल. 'लग्न ठरले' असं शुभ कोण लिहील?

समजपत्र, म्हणजे हजर राहण्याची नोटीस, देऊन त्या तरुणाला बोलावलं. मेंढपाळाच्या घरचा पोरगा. बाप अजून मेंढ्यांमागे रानोमाळ फिरतो, आणि हा बीडला कॉम्प्युटर शिकून केजला एका गाळ्यात शाळांच्या, दुकानांच्या वेबसाइट बनवतो.

"साहेब, मी केलं न्हाई," तो म्हणाला. "पर आता काय उपयोग? ठाण्याची पायरी चढलो, हे बाजारात कळलं असंल. लोक आपल्या वेबसाइटच्या चाव्या माझ्याकडं इस्वासानं देतात. आत घेतलं तर उद्या कोण देईल? गाळा बंद करून मेंढ्यांमागंच जावं लागंल."

"मग कुणी केलं?"

तो खाली बघत राहिला. पुन्हा विचारलं तरी गप्प. घाबरलेल्या माणसाचे दोन प्रकार मी पाहिलेत. एक भडाभडा बोलतो, कारण तो घरून उत्तरं पाठ करून आलेला असतो. दुसरा गप्प बसतो, कारण त्याला काहीतरी माहीत असतं आणि ते बोलायची भीती वाटते. हा दुसऱ्यातला होता. अशा माणसाला दरडावून काही मिळत नाही. मी चहा सांगितला आणि म्हटलं, "हे बघ, मला यातलं काही कळत नाही. वेबसाइट बनवतात कशी, ते मला पहिल्यापासून सांग."

त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी खरंच विचारतोय हे पटल्यावर मात्र खुर्ची पुढे ओढली, आणि मग त्याला थांबवणं मला जड गेलं.

त्याने सांगितलं की वेबसाइट हल्ली कुणी शून्यापासून बांधत नाही. तयार साचे मिळतात आणि ते फुकट असतात. ज्यांनी बनवले त्यांनी आतली सगळी रचना उघडी ठेवलेली असते. कुणीही बघावी, बदलावी, वापरावी. मला हे खरंच वाटेना. "फुकट? आणि कुलूपसुद्धा नाही?" "न्हाई साहेब. इहिरीवर जसं गावानं पाणी भरावं, तसं." त्याने मंडळासमोर तीन साचे ठेवले होते. वर्डप्रेस सगळ्यात सोपं, ज्याला मोबाइलवर मजकूर लिहिता येतो त्याला तेही जमतं. जुमला मधलं, थोडं शिकावं लागतं, पण मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत साइट चालवायची सोय त्यात आधीपासूनच असते. द्रुपल अवघड, शिकायला वेळ खाणारं, पण कुणी काय पाहावं आणि कुणी काय बदलावं, याला पार खणाखणाला कडी लावता येते.

"तू कोणतं सुचवलंस?"

"द्रुपल. लोकांच्या लेकीबाळींची माहिती हाय, म्हणलं कड्या असाव्यात. मंडळ म्हणलं, आमाला सोपं पायजे, वर्डप्रेस कर. ते बी वाईट न्हाई साहेब. त्याच्यात बी पायऱ्या हायेत. सगळ्यात वर ॲडमिन, त्याच्या हातात समदं. त्याच्याखाली संपादक, मग लेखक, मग नुस्ती माहिती देणारा, मग नुस्ता वाचणारा. म्या म्हणलं, एक ॲडमिन करू, बाकीच्यांना खालच्या पायऱ्या देऊ."

"बरोबर आहे. आमच्याकडेही तसंच असतं. सगळेच निरीक्षक झाले तर गस्त कोण घालणार?"

पहिल्यांदाच तो हसला. "हेच तर वाजलं, साहेब. अध्यक्षाला ॲडमिन केलं, तर उपाध्यक्ष म्हणाले, मी काय नुस्ता वाचणारा का बे? मग सचिव रुसले. मग खजिनदार. मानाचा सवाल. शेवटी नऊच्या नऊ ॲडमिन केले. तवा म्या वैतागून म्हणलो, ह्याचा पस्तावा तुमाला हुईल."

जी धमकी वाटत होती, ती अशी विरघळली. बारभाईची खेती, काय लागेल हाती! मी पोट धरून हसलो. हसता हसता पुढचा प्रश्न मनात आला. नऊ जणांना सगळंच बदलता येतं, तर मग कुणी बदललं हे कळतं कसं?

"कळतं," तो सावकाश म्हणाला. "कुणाच्या खात्यातून बदल झाला त्याची नोंद ऱ्हाते."

"कुणाचं नाव येतं?"

त्याने वळून दाराकडे पाहिलं. "तात्याचं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी बघितलं म्या. पर तुमीच सांगा, साहेब, हे म्या चौकात बोललो तर मला गावात ऱ्हाऊ देतील का?"

फिर्यादी तात्या, आणि नोंदीतही तात्या. सायबरचं काही कळत नसलं तरी माणसांचं थोडंफार मला कळतं. स्वतःच्या मुलीचं स्थळ मोडून तात्या स्वतःच माझ्याकडे बोंबलत कशाला येतील? मग मला तो लांब धरलेला मोबाइल आठवला. नऊ ॲडमिनपैकी किती जण स्वतःच्या हाताने हे करत असतील? कुणाचा पुतण्या, कुणाचा मुलगा. तात्या तर सांगूनच गेले होते, घरी लेक काढून देते.

बाईमाणसाचा जबाब घरी जाऊन घ्यायचा असतो. महिला हवालदाराला सोबत घेऊन गेलो. तात्या कारखान्यावर गेले होते. मुलगी पदवीधर, स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी बीडला खोली करून राहिलेली, पण परळीच्या पाहुण्यांसाठी बोलावलेली ती अजून घरीच होती. मी विचारलं, "मंडळाच्या वेबसाइटवर तात्यांच्या नावानं कोण काम करतं?"

"मीच." तिने नजर चुकवली नाही. "पट्टी बी मीच बदलली."

"त्या वेबसाइटवाल्या पोरावर आळ आलाय, माहीत आहे?"

तिचा चेहरा उतरला. "आज कळलं. मी उद्या ठाण्यात येऊन सांगणारच होते. त्याला कशाला शिक्षा?"

हे ती खरं बोलत होती. खोटं बोलणारा माणूस उद्याचं सांगत नाही, तो कालचं सांगत बसतो.

"पण असं का केलंस, बाळ?"

"साहेब, दर आठवड्याला पाहुणे. क्लास सोडून यायचं, साडी नेसायची, बसायचं, परत जायचं. परीक्षा तोंडावर आलीय. तात्यांना म्हणलं, दोन वर्षं थांबा. ते म्हणतात, बघू. मला खोटं लिहायचं नव्हतं. पर त्यात दोनच पट्ट्या हायेत. एक 'स्थळ पाहणे सुरू', दुसरी 'लग्न ठरले'. तिसरं काय निवडायलाच न्हाई. मग मी काय निवडू?"

महिला हवालदार इतका वेळ लिहीत होती, तिने पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांना बोलावलं. त्या तरुणालाही बोलावून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. मी दार लावून सांगितलं, "तात्या, नोंदीत तुमचं नाव आहे, आणि हात तुमच्या मुलीचा."

ते आधी लालबुंद झाले. "घरी जाऊन बघतो तिला."

"घरी नका बघू, इथंच बघा," मी म्हणालो. मलाही राग आला होता. "तुमचा अर्ज माझ्याकडे आहे. गुन्हा दाखल करतो. फिर्यादी तुम्ही, आरोपी तुमची लेक. लिहू?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आपलेच दात, आपलेच ओठ. मग त्यांचा आवाज आला, आणि तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. "कावून सांगितलं न्हाई तिनं मला?"

"सांगितलं होतं. तुम्ही 'बघू' म्हणालात." आणि मग तिच्या दोन पट्ट्यांची गोष्ट मी त्यांना तिच्याच शब्दांत सांगितली.

तात्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "साहेब, लिहा. मोबाइल माझा, खातं माझं. माझ्याच हातून चुकून झालं. कुणावर संशय न्हाई, अर्ज मागं घेतो."

जबाब देणाऱ्याचा असतो, मी तो लिहून घेतो. वाचून दाखवला, त्यांनी सही केली आणि अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे प्रकरण मिटलं.

मला वाटलं, आता ते गाडीत बसून निघून जातील. पण ते बाहेर आले आणि त्या पोराच्या शेजारी, त्याच बाकावर बसले. ठाण्यातले सगळे बघत होते. पोरगा उठायला लागला तर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"त्याच्यात तिसरं काय टाकता येतं का रे?"

"येतं, तात्या. पाच मिनटाचं काम हाय."

"मग टाक."

"काय लिहू?"

तात्यांना लवकर सुचेना. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. "लिही," ते म्हणाले, "लेक शिकतीय, थांबा." आणि उठता उठता पुन्हा थांबले. "आन मला त्या खालच्या पायरीवर टाक. नुस्ता वाचणारा."

या प्रकरणाने मला कॉम्प्युटर शिकवला नाही, तो अजूनही येत नाही. पण जबाब घ्यायची पद्धत बदलली. आम्ही पोलीस साक्षीदाराला दोन दारं उघडून देतो, हो किंवा नाही, आणि एकातून तो आत आला की त्यालाच खरं समजतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक जबाबाच्या शेवटी मी एक प्रश्न जादा विचारत गेलो, 'याहून वेगळं काही सांगायचं आहे का?' पुष्कळदा खरा जबाब तिथूनच सुरू व्हायचा.

मध्यंतरी सहज म्हणून नातवाकडून ती वेबसाइट उघडून घेतली. तात्यांच्या मुलीचं पान आता तिथे नाही. 'लेक शिकतीय, थांबा' ही पट्टी मात्र आहे, त्याच शब्दांत, हिरव्या रंगात. पानं खाली सरकवत गेलो. एकीच्या नावाखाली दिसली, मग दुसरीच्या, मग आणखी कितीतरी जणींच्या.