पातूरचा राखाडी ठिपका

“मॅडम, तुमच्या स्क्रीनवर पातूरले लोडशेडिंग दिसून राहिली म्हणते. इथं तं पंखा फिरून राहिला!”

फोनवर शबानाताई होत्या. पातूरचं माहिती केंद्र त्या चालवायच्या. पंख्याची घरघर मला अमरावतीत ऐकू येत होती. ट्रेनिंगच्या वेळी हेल्पच्या पानावर तात्पुरता माझा नंबर टाकला होता, तो काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या काळात वऱ्हाडात जे काही यायचं ते सरकारी पॅकेजच्या नावाने यायचं. शेतीची दैना झालेली, म्हणून गावोगावी इंटरनेटची माहिती केंद्रं आली. कापसाचे भाव, हवामान, दाखले, अर्ज. कोणतं केंद्र चालू आहे नि कोणतं बंद, हे सरकारी खात्याच्या अकोल्याच्या ऑफिसात एका स्क्रीनवर दिसायचं. सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं आणि ती स्क्रीन माझी. कोणता रंग कुठे, कोणतं बटण कुठे, हे मी ठरवायचे. घरचे याला ‘कॉम्प्युटरवरचं रंगकाम’ म्हणायचे.

नकाशावर प्रत्येक केंद्राचा एक ठिपका. सॉफ्टवेअर थोड्या थोड्या वेळाने तिथल्या मशीनला विचारतं, आहेस का? याला पिंग म्हणतात. उत्तर आलं तर हिरवा, नाही आलं तर लाल. हे झालं पुस्तकातलं. आमच्याकडे निम्मा दिवस वीजच नसायची. उन्हाळ्यात खात्याचे साहेब वैतागून म्हणाले, “हा नकाशा आहे की गोवर?”

म्हणून राखाडी आला. लोडशेडिंगच्या वेळापत्रकाप्रमाणे वीज नाही म्हणून बंद असेल तर राखाडी. वीज वेळापत्रक सोडूनही जायची, तेव्हा लाइन सांभाळणाऱ्या ठेकेदाराला हाताने राखाडी करायचं बटण दिलं. मलाही ते बरोबरच वाटलं. पण ठेकेदाराच्या करारात असं होतं की लाल वेळेचा दंड ठेकेदाराला, राखाडीचा कोणालाच नाही. करार मला कोणी दाखवला नव्हता. रंगकामवालीला कशाला दाखवतील!

“कधीपासून बंद आहे?” मी विचारलं.

“पोळ्यापासून. रोडच्या खोदकामात केबल तुटली. मी ठेकेदाराले रोज फोन करते. ते म्हणते, लोडशेडिंग आहे, आमी काय करू?” दिवाळी होऊन गेली होती. “आता मले नोटीस आली. काम कमी हाये म्हणून केंद्र रद्द करून राहिले. शाळेतली नोकरी सोडून घेतलं होतं मी हे. मॅडम, मले फक्त लाल करून द्या, म्हणजे लाइनच बंद होती हे खात्याले दिसीन. लाल कराले काय लागते?”

काहीच लागत नव्हतं. एक क्लिक. मी आमचे बॉस गावंडे सर यांच्याकडे गेले.

“मागच्या तारखेचा रंग बदलला तं उद्या सारेच म्हणतीन, आमचाही बदला,” ते म्हणाले.

“पण सर, तो रंग खोटा आहे.”

“असो. सेव्ह झाला न?”

“त्यांचं केंद्र जाईल.”

“ते खातं पाहीन. तुमी कावून डोक्याले ताप करून घेता?”

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी अकोल्याला थेट खात्याच्या साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, तुम्हीच बनवलेल्या स्क्रीनवर तुमचा विश्वास नाही. आम्ही कसा ठेवायचा?”

एवढं मात्र झालं की पुढच्यासाठी ते हाताचं बटण काढायला त्यांनी परवानगी दिली. बटण गेलं आणि पातूर त्याच दिवशी लाल झालं. पण केंद्र रद्द झाल्याचा आदेश त्याआधीच निघालेला होता.

पुढच्या आठवड्यात मुंबईचे मोठे अधिकारी अकोल्याच्या ऑफिसात पाहणीला आले, नि स्क्रीन दाखवायला गावंडे सर आणि मी तिथे गेलो. त्यांच्यापुरती सगळीकडे वीज सोडली होती. भिंतीवर अख्खा नकाशा हिरवा आणि त्यात पातूर लाल. गावंडे सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“तो काढा.”

“तो खरा आहे सर. केबल अजून तुटलेलीच आहे.”

“केंद्र रद्द झालं न? मंग नकाशावर कावून ठेवता?”

हे मात्र नियमाला धरून होतं. मी ठिपका निवडला आणि डिलीट दाबलं. नकाशा पहिल्यांदाच पूर्ण हिरवा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथे बसवेना.

संध्याकाळी मी शबानाताईंना फोन केला.

“झालं का मॅडम लाल?”

“झालं होतं,” मी म्हटलं. “आज काढून टाकलं.”

फोनमध्ये पंख्याची घरघर चालूच होती.

त्यानंतर माझ्या कुठल्याही स्क्रीनवर डिलीट दाबलं की आधी एक चौकट उघडते, कारण लिहा म्हणून. कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या चौकटीत लोक काय लिहितात हे मी अधूनमधून पाहते. बहुतेक जण नुसतं टिंब टाकतात.