उलटी चढवलेली कमान

"उतर! उतर सायकलवरनं! आदी ती दोरी काढ, मग काय बोलायचं ते बोल!"

चाकणच्या वेशीजवळ एका ओसरीवरून एक म्हातारा माझ्यावर ओरडत होता. त्याच्यापुढे पाटावर एक गडी निखळलेला खांदा धरून बसला होता. तोही विव्हळायचं थांबून माझ्याकडं बघायला लागला. मी उतरलो असं म्हणण्यापेक्षा पडलो हे जास्त खरं. चिंचवडपासून ती जुनी कमान, म्हणजे धनुष्य, खांद्याला अडकवून मी आलो होतो, छाती अशी फुगवून की मोशीला समोरून आलेल्या बैलगाडीनं आपणहून वाट दिली. बैल थोडे वाकलेसुद्धा. निदान माझी तरी तशी समजूत झाली.

म्हाताऱ्यानं त्या गड्याला तसाच सोडला, पायऱ्या उतरून आला, माझ्या खांद्यावरची कमान काढून घेतली आणि दोरीची गाठ सोडली. दोरी म्हणजे माझी कपडे वाळत घालायची.

"कुठल्या अंगानं वाकवलीस?"

"जिकडं आधीच वाकली होती तिकडं," मी म्हणालो.

"दोरी नसती तवा ही उलट्या अंगानं वाकून निजती, राव. तिला पार पालथी फिरवून दुसऱ्या अंगानं दोरी चढवायची. तू हिचा गुडगा म्होरल्या बाजूनं मोडाय निघाला व्हतास."

निखळलेल्या खांद्याचा गडी हसला. म्हातारा वळला, त्याचा हात धरला आणि हसू संपायच्या आत खांदा जागेवर बसवला. गड्याची किंकाळी आळंदीपर्यंत गेली असावी.

म्हाताऱ्यानं ओळखलं ते खरंच होतं. माझ्या खोलीत ती कमान दोन आठवडे तशीच उलटी ताणून भिंतीवर टांगलेली होती, आणि कारखान्यातले दोन फिटर येऊन तिची वाहवा करून गेले होते. एका टोकाजवळ शिंगाची पट्टी लाकडापासून सुटली होती, पण ते आम्हा तिघांना नक्षीकाम वाटलं होतं.

म्हातारा जातीचा कमानगर. आतल्या बाजूला म्हशीचं शिंग, मध्ये लाकूड, पाठीवर जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं सरसानं एकजीव केलेलं. अशा कमानी त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या होत आल्या होत्या. कमानी कुणाला नकोशा झाल्या तेव्हा घरातली माणसं हाडं बसवायला लागली. शिंग, सरस आणि स्नायू ज्याच्या हाताला कळतात त्याला माणूस काही फार वेगळा लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

"मी आता कमानी करत न्हाई," तो म्हणाला. "लोकांस्नी भितीला टांगाय पायजे आसत्यात. ही कुठनं आणलीस?"

खरी गोष्ट अशी, की ती मी त्याच चाकणच्या बाजारात एका भंगारवाल्याकडून घेतली होती. फुटके कंदील आणि पत्र्याच्या ट्रंका यांच्या खाली पडली होती. पण माझ्या जिभेला खरं बोलायची सवय लहानपणापासूनच नाही.

"माझ्या आज्याची," मी म्हणालो.

म्हातारा बराच वेळ मुठीच्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला.

"आज्याची," तो म्हणाला. "मग ठिवून जा. दुसऱ्या कुणाची आसती तर नसती घेतली."

मला आजा नव्हता. म्हणजे असणारच, पण मी सोलापूरकडच्या एका अनाथ मुलांच्या वसतिगृहात वाढलो. तिथं आमच्या ताटांवर नंबर असायचे, त्या नंबरांच्या मागं नाव-गाव काही नसायचं. नंतर पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता म्हणून आलो, स्टोअरमध्ये लागलो, चिंचवडला स्टेशनच्या बाजूला एक खोली घेतली. खंडेनवमीला कारखान्यात अवजारांची पूजा झाली. त्यात प्रत्येकानं घरून काही आणून ठेवलं होतं. बापाचा कोयता, आज्याची कुऱ्हाड, कुणाच्या चुलत्याचा रंधा. मी स्टोअरमधला एक पाना ठेवला. तो कंपनीचा होता आणि त्यावर कंपनीचा शिक्का होता. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गावी सोनं लुटायला गेले. मी खोलीत बसून त्या पान्याबद्दल विचार केला. त्यानंतरच मी बाजारात हिंडायला लागलो.

तर, दर रविवारी चाकण. ती सायकल चढाला ओरडायची आणि उताराला रडायची. कुरुळीच्या चढावर मी तिच्यावर बसायचो की ती माझ्यावर, हे वाऱ्यावर अवलंबून असे. ओसरीवर पोचलो की म्हातारा हाडं बसवून मोकळा झालेला असे आणि कमान काढत असे. आधी निखाऱ्यांच्या मंद धगीवर शेकून तिची हाडं मऊ केली. हाडं हा शब्द त्याचा. मग सुटलेल्या शिंगाखाली सरस भरला, सुतळीनं गच्च गुंडाळली, आणि म्हणाला, "आता वाळू दे."

"किती दिवस?"

"घाई हाय का?"

घाई नव्हती. देवाशपथ, आयुष्यात एवढी घाई नसलेला माणूस दुसरा नसेल. सरस वाळायला अख्खा हिवाळा लागला. मी दर रविवारी तो वाळतो का ते बघायला जायचो. घरात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, दोन कपबशा होत्या आणि त्यातली एक माझ्या येण्याआधी बरेच दिवस वापरलेली नसावी, कारण पहिल्या दिवशी तिच्यात कोळ्याचं जाळं होतं.

चहाबरोबर तो आज्याची चौकशी करायचा. मग काय, आज्यानं एका बाणात दोन रानडुकरं पाडली. पुढच्या रविवारी डुकरांची तीन झाली. आजा डोळ्यांवर पट्टी बांधून उडत्या घारीच्या चोचीतला मासा काढायचा, घारीला न दुखवता. म्हातारा एकदाही हसला नाही, एकदाही 'हे खोटं' असं म्हणाला नाही. फक्त कधीमधी कमान हातात फिरवत म्हणायचा, "ही डाव्या अंगाला जरा हट्टी. पयल्यापासनं." मी मान डोलवायचो. एवढा पट्टीचा थापाड्या मी, पण 'पयल्यापासनं' हा शब्द माझ्या कानावरून गेला तो गेलाच.

भीती एकच होती. कमान आज्याची म्हणून तो करत होता. आजा नाही हे कळलं, तर ती कमान आणि तो रविवार दोन्ही गेले असते. म्हणून मी आज्याला थांबू देत नव्हतो.

उन्हाळ्यात दोरीची पाळी आली. त्यानं पुण्याच्या पटवेकऱ्याकडून रेशीम आणवलं. भिंतीत दोन खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये धागे फिरवायला सुरुवात केली, मी मोजत गेलो आणि तो साठाला थांबला. मेण चोळलं. दोन्ही टोकांना फास विणले, मध्ये बाणाच्या जागी वेगळा धागा घट्ट गुंडाळला. मग माझा हात मागितला. मूठ वळून अंगठा उभा करायला लावला, आणि तेवढं अंतर दोरी आणि मूठ यांच्यामध्ये राहिलं पाहिजे असं सांगून फास दोनदा उसवून पुन्हा केले. माझ्या मापाचं असं त्याआधी कुणी काही शिवलं नव्हतं, वसतिगृहाचे सदरेसुद्धा मोठ्या पोरांच्या मापाचे असायचे.

कमान शेकली. पालथी फिरवली. गुडघ्याखाली दाबून त्यानं ती अशी वळवली की मला वाटलं आता मोडणार, आणि दोरी खाचेत बसली. ताठ, अगदी गप्प. तिच्यावर टिचकी मारली की टणत्कार ऐकू यायचा.

"घे," तो म्हणाला. "आमच्यात नव्या दोरीची पयली वढ जेची कमान तेच्या नावानं घ्येत्यात. आज्याचं नाव घे आन् वढ."

त्यानं डोळे मिटले.

नावं मला दहा सुचली. जन्मभर सुचत आली आहेत. डुकरं, घारी, मासे सगळं दिलं होतं आज्याला, नाव द्यायचं राहिलं होतं. ती माझ्या मापाची दोरी बोटांत होती आणि समोर म्हातारा डोळे मिटून थांबला होता, आणि कुठलंही नाव घेतलं असतं तरी ते दुसऱ्याच कुणाचं झालं असतं. मी कमान खाली ठेवली.

"चाचा, मला आजा न्हाई," मी म्हणालो. सोलापूरची भाषा तोंडात आली ती त्याच वेळी. "ही मी इथंच बाजारात घेतली. भंगारातनं."

मी चपला शोधायला लागलो. एक सापडेना.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले, कमान उचलली, डाव्या अंगावरून हात फिरवला आणि परत माझ्या हातात दिली.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "भंगारात मीच घातली व्हती. दोरी नवी हाय, सैल पडंल. येत्या रविवारी घिऊन ये."